म्हशीवरचा आळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या मामांनी माझ्या धाकट्या भावासाठी एक जाडजूड कॉमिकचे पुस्तक आणले. भाऊ आठवीत आहे. फराळाचे ताट बाजूला सारून तो ओसरीवर पालथा पडून ते वाचू लागला. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. "ताई, हे बघ की. माणूस चांगला शिकलेला डॉक्टर हाय, पर सरडा झालाय!" मी पाहिले. चित्रात हिरव्या खवल्यांचा, लांब शेपटीचा, डॉक्टरचा पांढरा कोट घातलेला एक अजस्र सरडा स्पायडर-मॅनवर झेप घेत होता. मग भाऊच विचार करून म्हणाला, "आपल्या तुळजापूरच्या देवीच्या पायाखालचा रेडा म्हंजी बी सुपरव्हिलनच की गं!"

आई पलीकडे दूध गाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "म्हशीच्या जातीला नावं ठेवू नगं. तुझ्या अंगावरचा सदरा तिच्याच दुधाचा हाय."

आम्ही सगळे हसलो. परंतु भावाचे ते वाक्य आणि आईचे ते उत्तर माझ्या डोक्यातून गेले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोन वाक्यांचा मी माझ्यापुरता लावलेला अर्थ आहे. मी पुराणांची अभ्यासक नाही आणि चित्रकथांची जाणकार तर नाहीच नाही. तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून धाराशिवला कॉलेजात येणारी, दोन म्हशींच्या घरातली मी एक विद्यार्थिनी आहे. तेवढ्या अधिकारानेच हे लिहीत आहे.

प्रथम त्या सरड्याविषयी. हा खलनायक १९६३ साली 'अमेझिंग स्पायडर-मॅन' या अमेरिकन चित्रकथेच्या सहाव्या अंकात प्रथम अवतरला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको हे त्याचे जन्मदाते. त्याचे मूळ नाव डॉ. कर्ट कॉनर्स. युद्धात त्याचा एक हात गेलेला. पालीची शेपटी तुटली तरी पुन्हा येते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्याच गुणाचा माणसाला उपयोग करून द्यावा, म्हणून कॉनर्सने एक औषध तयार केले आणि स्वतःच घेतले. हात आला, पण त्याबरोबर खवले आले, शेपटी आली आणि क्रूरपणाही आला. पुढे स्पायडर-मॅन त्याला ठार मारीत नाही, उतारा पाजून पुन्हा माणूस करतो. बायको-मुलगा असलेला तो सज्जन गृहस्थ शुद्धीवर येतो.

असे खलनायक तेथे पुष्कळ आहेत. १९५९ पासून 'फ्लॅश' नावाच्या वीराला छळणारा ग्रॉड हा बुद्धिमान गोरिला आहे. १९६६ साली आलेला ऱ्हायनो हा गेंड्याच्या कातडीसारखा पोशाख चढवलेला माणूस आहे. चित्रकाराची सोय यात उघड दिसते. चौकट लहान, वाचक लहान. शिंग, सोंड किंवा खवले काढले की दुष्ट कोण हे सांगायला शब्द खर्चावे लागत नाहीत. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्रकथा' मालिकेतून आपल्या पुराणातले असुरही अशाच चौकटींत आले. कित्येक घरांतल्या मुलांनी महिषासुर प्रथम पाहिला तो तिथेच. तेव्हा माझ्या भावाची तुलना काही अगदीच वावगी नव्हती. उगमकथाही महिषासुराची कोणत्याही कॉमिकला लाजवील अशीच आहे. बाप रंभ नावाचा असुर, आई म्हैस. बाप मारला गेला, आईने त्याच्या चितेत उडी घेतली आणि त्या आगीतून हा जन्मला, असे देवीभागवतात सांगितले आहे.

पण आपल्या तुळजापूरची कथा थोडी निराळी आहे, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ती आजीच्या तोंडून ऐकली असेल. तरीही एकदा लक्ष देऊन पुन्हा ऐका.

कर्दम ऋषी वारले. त्यांची पत्नी अनुभूती. पदरी लहान मूल, म्हणून ती सती गेली नाही. मंदाकिनीच्या काठी ती तप करीत बसली. कुकुर नावाच्या दैत्याची तिच्यावर नजर गेली. एकटी बाई, डोळे मिटलेली, राखायला कोणी नाही. त्याने तिच्या तपाचा भंग केला, तिच्यावर हात टाकू पाहिला. तिने देवीचा धावा केला. देवी त्वरेने आली. युद्ध झाले. आणि युद्धात आपला निभाव लागत नाही असे दिसल्यावर, लक्षात घ्या, तेव्हा त्या दैत्याने महिषाचे रूप घेतले. देवीने त्याला त्या रूपात मारले.

या कथेत अपराध कोणत्या देहाने घडला? अनुभूतीकडे वाईट नजरेने पाहणारे डोळे रेड्याचे नव्हते. तिच्या अंगाकडे गेलेला हात खुराचा नव्हता. रेडा आला तो शेवटी, पकडले गेल्यावर. कुकर्म केले एकाने आणि मरणाच्या वेळी कातडे पांघरले दुसऱ्याचे! आणि आपण शतकानुशतके काय लक्षात ठेवले, तर शिंगे.

सप्तशतीच्या तिसऱ्या अध्यायातही हाच प्रकार आहे. देवीने पाश टाकताच महिष सिंह होतो, मग हाती तलवार घेतलेला पुरुष होतो, मग हत्ती होतो आणि पुन्हा महिष होतो. अखेर देवीच्या पायाखाली तो आपल्याच मुखातून अर्धा बाहेर पडतो आणि तिथे त्याचा शिरच्छेद होतो. म्हणजे आतमध्ये दुसराच कोणी होता. जुन्या मूर्तिकारांना हे चांगले कळले होते. सातव्या शतकातल्या महाबलीपुरमच्या लेण्यात महिषासुराचे डोके तेवढे रेड्याचे आहे, बाकी देह धडधाकट पुरुषाचा, हातात गदा. म्हैसूरला चामुंडी टेकडीवर जो रंगीत महिषासुर उभा आहे, तो तर नखशिखांत माणूसच आहे, मिशीवाला, एका हातात तलवार आणि दुसऱ्यात नाग. आणि आपल्या तुळजाभवानीची मूर्ती? देवीच्या पायाशी महिष आहे. तिने एका हाताने दैत्याची शेंडी धरली आहे आणि त्याच्या बरगडीत त्रिशूळ खुपसला आहे. शेंडी! मी आजवर पुष्कळ रेडे पाहिले. शेंडी असलेला एकही पाहिला नाही. देवीने बरोबर ज्याला धरायचे त्यालाच धरले आहे. चुकले असेल तर पाहणाऱ्यांचे.

आता कोणी म्हणेल, ही प्रतीके आहेत. महिष म्हणजे तमोगुण, जडता, मद. वर्गात आम्हांला असेच शिकवले गेले आणि ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. परंतु प्रतीकाचीही एक सवय लागते, आणि ती सवय पुस्तकाबाहेर काय करते ते पाहायला हवे. वर्तमानपत्र उघडा. एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की बातमीत 'पाशवी' हा शब्द हमखास येतो. 'नरपशू', 'श्वापद', 'लांडगे' हे शब्द येतात. लिहिणाऱ्याचा संताप खरा असतो, त्याबद्दल शंका नाही. पण या शब्दांनी नकळत एक सोय होते. गुन्हा करणारा आपल्यातून उठवून जनावरांच्या दावणीला बांधला जातो. मग आपण, आपले शेजारी, आपले काका-मामा, आपला गाव सगळे स्वच्छ. मग आपण रस्त्यात शिंगे शोधत हिंडतो. ती दिसली नाहीत की निर्धास्त होतो.

ही फसवणूक मी स्वतः भोगली आहे. दुसऱ्या वर्षात असतानाची गोष्ट. गावाकडे जायला काळीपिवळीत बसले होते. नेहमीसारखीच दाटी. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. पांढरे स्वच्छ कपडे, कपाळाला देवीचे कुंकू, मांडीवर प्रसादाची पिशवी. त्यांनी मला "बाळ" म्हणून हाक मारली, कोणत्या वर्गात आहेस विचारले, मुलींनी शिकलेच पाहिजे असेही सांगितले. मला बरे वाटले. नंतर त्यांचा हात जिथे असू नये तिथे आला. प्रथम मला वाटले, दाटीमुळे असेल. सरकायला जागा नव्हती. दुसऱ्यांदा तसे झाले तेव्हा मी सगळी ताकद एकवटून मोठ्याने म्हणाले, "नीट बसा." ते गृहस्थ सर्वांकडे पाहून शांतपणे म्हणाले, "गर्दीच आहे बाळ, कुणी काय करावं?" दोघेचौघे हसले. बाकीचे बाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते, तूर आणि ज्वारी उभी होती. मी गावाच्या दोन किलोमीटर अलीकडेच उतरले आणि चालत घरी गेले.

महिनाभर मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर कॉलेज बंद झाले असते, ही भीती होती. शेवटी एका मैत्रिणीजवळ बोलले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "असली जनावरंच असतात गं मेली." तिने मला धीर देण्यासाठीच ते म्हटले होते. पण त्या संध्याकाळी मी धार काढायला बसले आणि मला ते वाक्य आठवून कसेसेच झाले.

आमची चंद्री ही पंढरपुरी म्हैस आहे. पाठीवर मागे गेलेली तिची लांब तलवारीसारखी शिंगे पाहून पाव्हणेरावळे बिचकतात. चित्रात काढायला ती अगदी योग्य! पण तिची पारडी पिताना ढुशा मारते तेव्हा ही पाय हलवीत नाही. मी चुकून तिच्या खुराजवळ पाय ठेवला तर आधी फुंकर टाकते, मग आपला पाय उचलते. पावशेर सरकी आणि चार पेंढ्या कडब्यावर तिने आमच्या घराची दोन दुष्काळी वर्षे काढून दिली. डेअरीच्या पैशांतून माझी पुस्तके येतात. म्हशीची शिंगे म्हशीला जड नसतात म्हणतात, पण माणसाने तिच्या शिंगांवर जे ओझे टाकले आहे ते तिला जड झाले असेल, असे मला त्या दिवशी वाटले. त्या काळीपिवळीतल्या गृहस्थांना मी चंद्रीचे नाव कसे देऊ? चंद्रीने कधी कोणाला "बाळ" म्हणून फसवले आहे काय?

या समजुतीची किंमत त्या मुक्या जातीने रोख मोजली आहे. दसऱ्याला महिषासुराच्या नावाने रेडा कापण्याची चाल महाराष्ट्रात अनेक गावांत आणि संस्थानांत होती. अपराध दैत्याचा, मान रेड्याची. आजही वगार झाली तर घरात पेढा वाटतात आणि टोणगा झाला तर त्याच्या वाट्याला पुरेसे दूधही येत नाही. त्याचे कारण पुराणात नाही, हिशेबात आहे, हे मला कळते. पण ज्याला आपण आधीच राक्षसाचा देह ठरवून ठेवले आहे, त्याच्या भुकेचे फारसे वाईट वाटत नाही, हेही तितकेच खरे.

आणि गंमत अशी की आपल्याच परंपरेत याच्या उलट साक्ष देणारेही भरपूर आहे. आपला गणपती हत्तीच्या मस्तकाचा, मारुती वानराच्या देहाचा, नरसिंह अर्धा सिंह. पशूचा देह म्हणजे दुष्टपणा असे आपल्या पूर्वजांनी काही सरसकट ठरवले नव्हते. याच मराठवाड्यात पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले अशी कथा आहे, आणि जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्या रेड्याची समाधी लोक भक्तीने दाखवतात. विद्वान मंडळींनी ज्या मुलांना माणसांत घ्यायचे नाकारले, त्यांच्या बाजूने बोलला तो एक रेडा! बांधावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा तर आपल्या शिवाराचा राखणदार. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त अवतारांच्या पशुरूपांमागे माणसांचा इतिहास शोधला आणि म्हसोबा हा बळीराजाचा 'महासुभा' असल्याचे मांडले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात म्हसोबाचे नाते महिषासुराशी जोडले आणि देवी कुठे त्याला मारते तर कुठे त्याचीच पत्नी म्हणून पूजली जाते, याकडे लक्ष वेधले. या विद्वानांत कोण किती बरोबर हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की, जनावराचे तोंड कोणाला चिकटवायचे हे गोष्ट सांगणारा ठरवतो. म्हणून ऐकणाऱ्याने थोडे सावध असावे.

येथे एक गैरसमज होऊ नये. देवीची कथा टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. कोजागिरीला मी आईबरोबर तुळजापूरला चालत जाते. सोलापूरकडून, कर्नाटकातून रात्रभर चालत येणारी ती माणसांची रांग पाहिली आणि "आई राजा उदो उदो" कानावर आले की माझ्याही डोळ्यांत पाणी येते. मला वाटते, आपण त्या कथेतले चुकीचे पात्र पाठ केले. खलनायकाच्या शिंगांकडे पाहता पाहता दोन गोष्टी आपल्या नजरेतून सुटल्या.

पहिली गोष्ट देवीच्या नावातच आहे. हाक ऐकताच त्वरेने आली म्हणून त्वरिता, त्वरिताची तुरजा आणि तुरजाची तुळजा, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दैवताचे नाव तिच्या शस्त्रावरून पडलेले नाही, मारलेल्या राक्षसावरूनही नाही. वेळेवर धावून येण्यावरून पडले आहे. त्या दिवशी काळीपिवळीत अकरा माणसे होती. दैत्य एकच होता. उणीव होती ती धावून येणाऱ्याची.

दुसरी गोष्ट म्हणजे देवीची निद्रा. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. त्यांपैकी एक निद्रा दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागिरी पौर्णिमेपर्यंत असते. तिला श्रमनिद्रा म्हणतात. युद्ध करून देवी दमली, म्हणून ती पाच दिवस झोपते! कॉमिकमधला वीर दमत नाही. पुढच्या अंकात तो पुन्हा ताजातवाना उडी मारायला तयार. आमची देवी मात्र दमते. ज्यांनी ही प्रथा घातली त्यांना ठाऊक असले पाहिजे की, दुष्टपणाशी लढणे हे अंगातले त्राण काढणारे काम आहे.

त्याचा थोडा अनुभव मला यंदा आला. तशाच दाटीच्या गाडीत समोरच्या बाकावर अकरावीची एक मुलगी होती. ती काही बोलली नाही, पण तिचे बसणे मी ओळखले. शेजारचा माणूस तरुण होता, मोबाईल पाहत होता, दिसायला आपल्या कोणाच्याही भावासारखा. मी उठले आणि म्हणाले, "तू इकडे ये, मी तिकडे बसते." मग चालकाला गाडी थांबवायला सांगितली आणि त्या माणसाला सर्वांदेखत पुढे जाऊन बसायला लावले. माझा आवाज कापत होता, हातही कापत होते, आणि हात दोनच होते. कोणी त्रिशूळ दिलेला नव्हता. पण मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "पोरगी बरोबर बोलायलीय, ऊठ." तेवढ्याने तो उठला. घरी आल्यावर मी जेवण न करता जी झोपले ती दिवस वर आल्यावरच उठले. आईला वाटले ताप आला. मी मनात म्हटले, ही आपली श्रमनिद्रा.

भावाने ते कॉमिक आता दोनदा वाचून संपवले आहे. त्याला मी एकच सांगितले की, त्या सरड्याच्या गोष्टीतले मला आवडले ते शेवटचे पान, कारण तिथे कातडे उतरल्यावर आत एक डॉक्टर निघतो. तो म्हणाला, "मग त्येला सरडा कशाला काढला?" मला उत्तर देता आले नाही.

आपल्या या वार्षिकाच्या वाचकांपाशी माझे मागणे मोठे नाही. प्राध्यापक महाशयांनी 'पाशवी' हा शब्द आमच्या निबंधात दिसला तर त्याखाली एक लाल रेघ ओढावी आणि विचारावे, कोणता पशू? आणि माझ्या मित्रांनी, विशेषतः मित्रांनी, गाडीत कोणी "नीट बसा" म्हटले तर बाहेरच्या ज्वारीकडे पाहू नये. एवढे झाले तर आमच्या चंद्रीवरचा आळ थोडा तरी उतरेल.

(बी. ए. तृतीय वर्ष)